बांध, कोकर आणि ८३ माणसं

दक्षिण अमेरिकेतल्या ब्रिटिश गयानाच्या (आजचा गयाना देश) डेमेरारा पूर्व किनाऱ्यावर नॉर्थब्रुक नावाचा कापसाचा एक ओसाड मळा होता. नोव्हेंबर १८३९ मध्ये तो ८३ जणांनी मिळून विकत घेतला. डचफोर, अ‍ॅन्स ग्रोव्ह, होप, पॅराडाइज आणि एनमोर या आसपासच्या पाच मळ्यांवर गुलाम म्हणून राबलेली ही माणसं. सव्वा वर्षापूर्वीपर्यंत त्यांच्यापैकी कुणाचा दिवसही स्वतःच्या मालकीचा नव्हता. सौदा ३०,००० गिल्डरचा झाला, म्हणजे तिथल्या हिशेबाने साधारण १०,००० डॉलर. मळ्याचं नाव बदलून त्यांनी व्हिक्टोरिया ठेवलं. नाणी ढकलगाड्यांत भरून नेली होती, असं गयानात आजही सांगतात.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण त्या ढकलगाडीपाशीच थांबतात. मला ती तिथून पुढे सांगायची आहे. मळा विकत घेणं कष्टाचं होतं, पण एकदाच करायचं होतं. तो कोरडा ठेवणं रोजचं होतं, दिवसातून दोनदा, पिढ्यान् पिढ्या. तिथल्या मुक्त माणसांनी उभारलेली गावं पुढे का खचली याची बरीचशी कारणं चिखलात, चरांत आणि दरवाजांत सापडतात. ती कारणं नीट समजली नाहीत की माणूस सरळ मळेवाल्यांच्या बाजूचा निवाडा देऊन मोकळा होतो: ‘यांना स्वातंत्र्य दिलं, पण कारभार जमला नाही.’

आधी पैशांचं थोडं सांगायला हवं, कारण त्यातला अन्याय आकड्यांत स्पष्ट दिसतो. गुलामगिरी रद्द करणारा कायदा ब्रिटिश संसदेने १८३३ मध्ये केला आणि तो १ ऑगस्ट १८३४ पासून लागू झाला. नुकसानभरपाई म्हणून २ कोटी पौंड बाजूला काढले, ते मालकांसाठी. ब्रिटिश गयानाच्या वाट्याला ८० हजारांहून अधिक माणसांपोटी सुमारे ४३ लाख पौंड आले, म्हणजे माणशी सरासरी ५० पौंडांच्या वर. ८३ माणसांचे या हिशेबाने ४,००० पौंडांहून जास्त होतात. नॉर्थब्रुकचे १०,००० डॉलर म्हणजे जेमतेम २,१०० पौंड. जितक्या माणसांनी मिळून हा मळा घेतला, तितक्या माणसांपोटी मालकवर्गाला त्या मळ्याच्या किमतीच्या दुप्पट रक्कम मिळाली होती. त्या माणसांच्या हातात एक पैही पडली नाही. वर चार वर्षं ‘उमेदवारी’ लादली गेली. आठवड्याला ४५ तासांपर्यंत जुन्याच धन्याकडे बिनपगारी काम, आणि त्यापलीकडच्या तासांची तेवढी मजुरी. १ ऑगस्ट १८३८ ला ती उमेदवारी संपली.

मग पैसा आला कुठून? गुलामगिरीत मळेवाले धान्याचा खर्च वाचवायला माणसांना मळ्याच्या कडेची थोडी जमीन लावायला देत. तिथली भाजीची केळी, कसावा, अळकुड्या, पाळलेल्या कोंबड्या आणि डुकरं रविवारच्या बाजारात जात. हा बाजार बहुतांशी बायकांच्या हातात होता. उमेदवारीच्या काळात जादा तासांची मजुरी त्यात जमा झाली. पूर्ण मुक्तीनंतर माणसं टोळ्या करून ठेक्यावर काम घेऊ लागली. अमुक इतका चर खणायचा, अमुक इतका ऊस तोडायचा, दर आधी ठरवायचा, पटला नाही तर शेजारच्या मळ्यावर जायचं. ऊसतोडीच्या हंगामात मजूर कमी आणि मळे जास्त, त्यामुळे पहिली काही वर्षं दर या टोळ्यांच्या बाजूने राहिले. आपल्या भिशीसारखी ‘बॉक्स हँड’ नावाची पद्धत गयानात आजही चालते. ठरावीक माणसं, ठरावीक हप्ता, पाळीपाळीने उचल. एकमेकांच्या शब्दावर पैसा गोळा करणं ज्यांना सवयीचं असतं, त्यांनाच ८३ जणांचा सौदा जमतो.

व्हिक्टोरियानंतर रांगच लागली. एप्रिल १८४० मध्ये १२८ जणांनी न्यू ऑरेंज नासाऊ हा मळा ५०,००० डॉलरना घेतला आणि गुलामगिरीविरोधी खासदार बक्स्टन यांचं नाव त्याला दिलं. लगेच पुढच्या वर्षी शेजारचा फ्रेंडशिप १६८ जणांनी ८०,००० डॉलरना घेतला. १८४२ मध्ये ६५ जणांनी प्लेझान्स ३९,००० डॉलरना घेतला. आकडे चढत गेले, कारण मळेवाल्यांना कळलं होतं की ही माणसं जमिनीसाठी लागेल ती किंमत मोजतील.

आता चिखलाकडे येऊ.

गयानाचा किनारा भरतीच्या पाण्याखाली आहे. उधाणाच्या भरतीला समुद्र शेतापेक्षा चार-पाच फूट उंच असतो. मागच्या बाजूला दलदलीचं मैदान, तिथलं पावसाचं पाणीही शेताकडेच उतरतं. मधली पट्टी डचांनी बांध घालून मिळवली. डचांनी म्हणजे त्यांच्या हुकमाने, गुलामांनी. १९४८ मध्ये साखरधंद्याची चौकशी करणाऱ्या व्हेन आयोगाने हिशेब मांडला होता: उसाच्या दर एक चौरस मैलामागे ४९ मैल निचऱ्याचे चर, १६ मैल वरच्या पातळीचे कालवे, आणि ही सगळी रचना पहिल्यांदा उभी करताना निदान १० कोटी टन चिकणमाती हातफावड्याने हलवावी लागली असणार. जमिनीवर हक्क कुणाचा, हा प्रश्न या एका आकड्यापाशी मिटायला हवा होता.

एका मळ्याची आखणी ठरलेली असे. समुद्राकडची रुंदी १०० ऱ्हाइनलंड रूड, म्हणजे सुमारे ३७७ मीटर. आत खोली ७५० रूड, म्हणजे २.८ किलोमीटर. क्षेत्र साधारण २६३ एकर. गरज पडली तर मागे तेवढीच आणखी खोली घेण्याचा हक्क. हा लांबट, अरुंद पट्टा चारी बाजूंनी बांधलेला. समोर समुद्रबांध, मागे दलदलीचं पाणी अडवणारा बांध, आणि दोन्ही अंगांना बाजूचे बांध. एकूण घेर ६.४ किलोमीटर. मधोमध एक उंच वाट, तिच्या दोन्ही कडांना गोड्या पाण्याचे कालवे, त्यांतून होड्या जात. बाजूच्या बांधांलगत निचऱ्याचे मोठे चर. मधली सगळी जमीन मध्ये उंच आणि कडेला उतरत्या वाफ्यांत कापलेली, दर दोन वाफ्यांमध्ये छोटा चर. पाऊस पडला की पाणी वाफ्यावरून छोट्या चरात, तिथून मोठ्या चरात, आणि मोठ्या चरातून समोरच्या कोकरपाशी.

कोकर म्हणजे समुद्रबांधातला झडपेचा दरवाजा. शब्द डच आहे. कोकणातल्या खारजमिनीत ज्याला आपण उघाडी म्हणतो आणि गोव्याच्या खाजणात जो मानस, तेच काम. ओहोटीला बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा खाली गेलं की दार उचलायचं, भरती चढू लागली की पाडायचं. चोवीस तासांत दोनदा संधी, प्रत्येक वेळी काही तास. ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणजे आज दुपारी असलेलं काम आठवड्याभरात संध्याकाळी आणि मग मध्यरात्री येतं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, ओहोटी पुरेशी खाली उतरत नाही, निचरा अर्धवट होतो. नेमका तेव्हा मोठा पाऊस झाला तर वाफे पाण्यात बसतात. कसावा आणि अळकुड्या दोन-चार दिवसांतच कुजू लागतात.

यातला कुठला भाग कसा बिघडतो हे पाहिलं की गावांची अडचण कळते.

कोकरच्या तोंडाशी गाळ साचतो. ॲमेझॉनच्या मुखातून निघालेला चिखल या किनाऱ्याने पश्चिमेकडे सरकत जातो. त्याचे प्रचंड ढीग वर्षाला एखाद-दीड किलोमीटर पुढे जातात. ढीग समोर आला की लाटा मंदावतात आणि समुद्रबांध सुरक्षित, पण पाण्याची बाहेर जायची वाट बुजते. ढीग पुढे सरकला की वाट मोकळी, पण लाटा थेट बांधावर. एका ठिकाणी हे चक्र साधारण ३० वर्षांनी फिरून येतं. म्हणजे दर पिढीला एकदा चर बुजवणारा समुद्र आणि एकदा बांध खाणारा समुद्र भेटतोच. वाट मोकळी ठेवायचा उपाय म्हणजे मागच्या बाजूला साठवलेलं पाणी ओहोटीला एकदम सोडून गाळ धुऊन काढायचा, नाहीतर माणसं उतरवून फावड्याने उपसायचा. पहिल्यासाठी मागे साठा हवा, दुसऱ्यासाठी एका वेळी भरपूर हात हवेत, तेही ओहोटीच्या मोजक्या तासांत.

दुसरी जागा बाजूचा बांध. दोन मळे शेजारी असले तर मधला बांध दोघांचा, आणि दोन्हीकडे जमीन कोरडी असल्याने त्याच्यावर ताण नसतो. शेजारचा मळा ओस पडला की तिथे समुद्र शिरतो, आणि कालपर्यंत वाटेचं काम करणारा तो बांध आज समुद्रबांध होतो. पावणेतीन किलोमीटर लांबीचा, पण लाटा सोसण्यासाठी कधीच न बांधलेला. कापसाचे भाव पडून किनाऱ्यावरचे बरेच मळे मुक्तीच्या आधीच ओस पडत होते. मुक्त माणसांना विकायला काढले गेले ते यांतलेच, वर्षानुवर्षं दुरुस्ती न झालेले. ५०,००० डॉलर मोजून बांध मिळाले ते कमरेत वाकलेले, चर मिळाले ते गवताने भरलेले.

मग गुरं. गावात प्रत्येकाला एखादी गाय, एखादं गाढव हवं असतं, आणि ती बांधावर चरतात. ओल्या मातीत त्यांच्या खुरांनी बांधाचा माथा खचतो, चराच्या कडा आत ढासळतात. हे हळूहळू होतं, त्यामुळे कुणावर दोष येत नाही, आणि एका उधाणाला खांड पडते. कोकणात खारबांधाला खेकड्यांच्या बिळांतून खांड कशी पडते हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको: बोटभर धार, तासाभरात घागरभर, पुढच्या भरतीपर्यंत बैलगाडी जाईल एवढं भगदाड.

आणि सगळ्यांत नाजूक गोष्ट म्हणजे छोटा चर. गावात घरांच्या जागा पुढे, रस्त्यालगत, आणि लागवडीचे वाफे मागे, अशी विभागणी झाली. माझ्या वाफ्याचा चर मी साफ केला नाही तर माझ्याआधी वरच्या अंगाच्या शेजाऱ्याचा वाफा बुडतो. पोल्डरमध्ये, म्हणजे बांध घालून पाण्याकडून मिळवलेल्या जमिनीत, खासगी निचरा अशी गोष्टच नसते. मळा होता तेव्हा एक व्यवस्थापक दोनशे माणसांची फावडा-टोळी हुकूम देऊन चाबकाच्या धाकाने चरात उतरवत होता. त्या धाकाशिवाय तेच काम ८३ समान मालकांकडून करवून घ्यायचं, हा प्रश्न त्या किनाऱ्यावर याआधी कुणी सोडवलेलाच नव्हता. मुक्त माणसांनी तो सोडवायचा प्रयत्न केला. व्हिक्टोरियाच्या मालकांनी १८४५ मध्ये कारभाराचे लेखी नियम केले आणि एकमेकांना त्यांनी बांधून घेतलं. अक्षरओळख होऊन फार तर काही वर्षं झालेली, अशी ही माणसं. मला हा कागद त्या ढकलगाडीहून मोठा वाटतो.

पण नियम मोडणाऱ्याला वठणीवर आणायचं कसं? ही गावं कायद्याच्या लेखी कुणीच नव्हती. नावावर जमीन, पण पट्टी बसवायचा अधिकार नाही, दंड वसूल करायचा अधिकार नाही, कर्ज काढायचा अधिकार नाही. गोव्यातली ‘गावकरी’ ही गावाच्या जमिनीची सामाईक संस्था डोळ्यांसमोर आणा. बांधाची जबाबदारी संस्थेची, तिला उत्पन्न, तिला नियम, आणि न पाळणाऱ्यावर बोजा. खाजण टिकलं ते या संस्थेच्या जोरावर, आणि ती शतकानुशतकं मुरलेली होती. व्हिक्टोरिया-बक्स्टनला अशी संस्था दहा वर्षांत उभी करायची होती, आणि सरकार ती उभी राहू नये याच्या खटपटीत होतं.

हे मी आवेशात म्हणत नाही, कायदे बघा. सरकारी जमीन १०० एकरांच्या खाली विकायची नाही, असा नियम होता. एकट्यादुकट्या मजुराला ते शक्यच नाही, म्हणून माणसं एकत्र येऊन घेत. मग १८५२ मध्ये कायदा आला: २० पेक्षा जास्त जणांनी मिळून जमीन घ्यायची नाही. १८५६ मध्ये तो आकडा १० वर आणला. एकत्र खरेदीची वाट अशी बंद केली. कारण दिलं गेलं ते अविभक्त मालकीतल्या भांडणांचं. भांडणं होती, हे खरं आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. गयानात तेव्हा रोमन-डच कायदा होता, वारसांत सगळ्या मुलांना सारखा वाटा. एका पिढीत ८३ वाटे कित्येक पट झाले. कुणी शहरात, कुणी नदीवर लाकूडतोडीला गेलेला. ज्याचा वाटा पण जो हजर नाही, त्याचा चर कोण काढणार? एखाद्याने चांगला वाफा तयार केला तर तो पुढच्या वाटणीत त्याच्याचकडे राहील याची खात्री नाही. ही गाठ सोडवायला मालकी वाटून द्यायची आणि बांध, मोठे चर, कोकर मात्र एका अधिकार असलेल्या ग्रामसंस्थेकडे ठेवायचे, हा मार्ग होता. मालकी वाटण्याचा आग्रह लगेच आला. अधिकार असलेल्या, गावकऱ्यांनीच चालवायच्या संस्था यायला पुढची कित्येक दशकं गेली.

मधल्या काळात मळेवाल्यांनी इतर पेच आवळले. मजुरी कमी करून कामाच्या अटी कडक करायचा डाव १८४२ च्या सुरुवातीला त्यांनी टाकला. मजुरांनी संप केला आणि जिंकला, कारण गावात घर आणि मागे वाफा होता, काही आठवडे कळ काढता आली. १८४६ च्या कायद्याने ब्रिटनमधलं वसाहतींच्या साखरेचं संरक्षण जाऊ लागलं, भाव कोसळले, मळेवाल्यांनी मजुरी कापली, आणि १८४८ चा संप मजुरांनी हरला. तोवर दुसरे मजूर आलेले होते. ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्पेरस’ या जहाजांतून पहिले ३९६ हिंदी मजूर ५ मे १८३८ ला उतरले होते, म्हणजे पूर्ण मुक्तीच्या तीन महिने आधी. १९१७ पर्यंत सुमारे २ लाख ३९ हजार आले. बहुतेक कलकत्त्याहून निघालेले, बिहार-पूर्वांचलाकडचे. मराठी मुलखाचा संबंध त्यात नगण्य. करारात अडकलेल्या त्या माणसांचे हालही काही कमी नव्हते, पण त्यांना आणण्याच्या खर्चाचा एक भाग वसाहतीच्या सर्वसाधारण महसुलातून जात होता. तो महसूल पीठ, तांदूळ, खारा मासा अशा आयात जिनसांवरच्या करातून यायचा. म्हणजे गावातली मुक्त बाई बाजारातून खारा मासा घेताना आपलीच मजुरी पाडणाऱ्या व्यवस्थेला वर्गणी देत होती.

निचऱ्यातही शेजारचा मळा वरचढ. कित्येक गावांचं पाणी बाहेर काढायची वाट शेजारच्या मळ्याच्या चराशी जोडलेली. मळेवाला वाट देईल तर देईल. स्वतःचा ऊस वाचवायला त्याने जास्तीचं पाणी सोडलं की ते गावाच्या वाफ्यांत. वाफे बुडाले की माणसं मजुरीसाठी त्याच्याच दारात.

नंतर सरकारने निचऱ्याच्या कामासाठी पट्टी बसवली. ऐकायला ठीक वाटतं. पण काम काय करायचं, कुणाकडून, किती खर्चात, हे गावाला न विचारता ठरायचं, आणि पट्टी थकली की घराची जागा लिलावात. लोकांचा विरोध पट्टीला कमी आणि या पद्धतीला जास्त होता. १८६२ ची बक्स्टनची घटना इथली. गव्हर्नर आगगाडीने जात असताना गावकरी, त्यात पुढे बायका, रुळांवर उतरले आणि गाडी अडवून त्यांनी गाऱ्हाणं ऐकायला लावलं. चाकांना साखळ्या-कुलपं घातल्याचंही सांगतात. ‘गाडी थांबवणारी माणसं’ ही ओळख बक्स्टनकर आजही अभिमानाने मिरवतात.

इतकं सगळं असून काय उभं राहिलं, तेही मोजायला हवं. १८४८ च्या अखेरीस मुक्त माणसांनी बांधलेली १० हजारांहून जास्त घरं आणि त्यांत राहणारी ४४ हजारांच्या आसपास माणसं होती. म्हणजे अवघ्या दहा वर्षांत मुक्त झालेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांनी मळ्यावरच्या चाळी सोडून स्वतःचं छप्पर केलं. गावागावात प्रार्थनाघर आणि त्यातच शाळा. जॉर्जटाउनचा भाजीबाजार या गावांच्या कंदमुळांवर आणि केळ्यांवर चालू लागला. बक्स्टनने पुढे शिक्षक आणि वकील इतके दिले की गावाचं नाव शिक्षणाशी जोडलं गेलं. साखरेच्या भावावर नजर ठेवणाऱ्या अहवालांत या सगळ्याची नोंद ‘मजुरांची टंचाई’ एवढीच होते.

गयानाच्या इतिहासात या काळाला ‘ग्रामचळवळ’ म्हणतात, आणि तो शब्द मला योग्य वाटतो. फक्त ती चळवळ खरेदीखतांवर संपत नाही. कोकरच्या चाकाशी मध्यरात्री उभा असलेला माणूस, पावसाळ्यात छातीभर पाण्यात उतरून चर उपसणाऱ्या बायका, वाट्यावरून भांडून पुन्हा एकाच बांधावर माती टाकणारे भाऊ, हेही त्याच चळवळीत येतात.

जानेवारी २००५ मध्ये या किनाऱ्यावर अतोनात पाऊस झाला. मागच्या बाजूच्या मोठ्या साठ्याचं पाणी बांधाच्या माथ्याला भिडलं, आणि समोर भरतीने कोकर बंद. बक्स्टनसह पूर्व किनाऱ्याची गावं कित्येक दिवस पाण्यात राहिली. त्यानंतर साठ्यातलं जादा पाणी थेट समुद्रात काढायला नवा कालवा खणायचं ठरलं, काम २०११ मध्ये सुरू झालं. दहा किलोमीटरहून लांब कालवा आणि तोंडाशी आठ दारांचा दरवाजा. तो जातो होप आणि डचफोरच्या जमिनीतून. १८३९ मध्ये व्हिक्टोरिया घेणाऱ्यांपैकी काही जण याच दोन मळ्यांवरून निघाले होते.